पॅड डावीकडे हवेत

"संगीत सुंदर आहे, पण ते उशिरा येतं," असं नाचाच्या बाई फोनवर म्हणाल्या तेव्हा मी दातांच्या दवाखान्यात माझ्या काउंटरवर बसले होते आणि समोर एक गृहस्थ गाल धरून उभे होते. मी त्यांना हातानेच थांबा म्हटलं. लोकांना थांबायला सांगणं हा माझा पगारी धंदा आहे, आणि तो मी इतक्या गोड आवाजात करते की दाढ ठणकत असलेला माणूसही मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसतो. "उशिरा म्हणजे कसं?" मी विचारलं. नाचाच्या बाई शब्द जपून वापरणाऱ्या. मी पाठवलेल्या चालीवर वर्गात नाचून बघितलं तर ठेक्यावर मुलींचं पाऊल आधी जमिनीवर पडतं आणि मग सूर येतो, असं त्या म्हणाल्या. फार नाही, केसाएवढाच फरक, पण मुली त्या केसाला अडखळतात. "पाऊल आणि सूर एकदम पडायला हवेत हो. बघा काही होतंय का. कार्यक्रमाच्या तालमी सुरू व्हायच्या आत नाही जमलं तर मला दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागेल, वाईट वाटून घेऊ नका." मी म्हटलं, वाईट कशाला वाटेल, मशीनचा दोष आहे, मशीन बदलते. हे मी अगदी छातीठोकपणे म्हटलं, कारण माझा कान चुकत नाही. कुठल्या खोलीत कुठला पंखा कुठल्या सुरात कुरकुरतो ते मी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. फोन ठेवून मी गाल धरलेल्या गृहस्थांना आत पाठवलं आणि पुढच्या बाईंना सांगितलं की तुमचा नंबर आत्ताच येतोय. 

हे काम माझं होतं हे आधी सांगायला हवं. माझं म्हणजे माझ्या एकटीचं. उभ्या जन्मात मी जे काही वाजवलं ते ताईच्या शेजारी बसून. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, गाणारी. तिचं गाणं ऐकायला लोक लांबून यायचे, आणि मी तिच्या डाव्या अंगाला पेटी घेऊन बसायची. त्या काळच्या फोटोंत मी आहे, पण अर्धी. फोटोवाल्याला ताईचा चेहरा हवा असायचा, माझा एखादा कान चौकटीत आला तर त्याची हरकत नसायची. हे रडगाणं नव्हे. साथ करणं मला आवडायचं आणि मी ते फक्कड करायची. गाताना पुढे कुठे जायचं हे ताईचं ताईलाही ठाऊक नसायचं, आणि तरी ती ज्या सुरावर जाईल तो तिच्या पाठोपाठ माझ्या बोटाखालून निघायचा. सावली आहे ही तुमची, असं लोक तिला म्हणायचे. ती खूश व्हायची, मीही व्हायची. मग तिचा आवाज वरच्या सुरांत चिरकायला लागला, आणि एका कार्यक्रमानंतर गाडीत बसता बसता तिने "पुरे आता" म्हटलं आणि खरोखरच पुरे केलं. असा निश्चय ताईच करू जाणे. तिचं पुरे झालं म्हणजे माझंही आपोआप झालं, असं सगळ्यांनी धरून चाललं, आणि काही महिने मीही ते चालू दिलं. नंतर एका दुपारी मी मागच्या खोलीतलं शिलाईचं मशीन भिंतीला सरकवलं, टेबलावर कॉम्प्युटर मांडला, त्याला एक कंट्रोलर जोडला आणि दार लावून घेतलं. कंट्रोलर म्हणजे दिसायला पेटीच्या पट्ट्यांसारखाच, पण त्याच्या पोटात सूर नसतो. आपण पट्टी दाबली की तो कॉम्प्युटरला निरोप देतो, अमुक सूर, एवढ्या जोरात, आणि आवाज काढतो तो कॉम्प्युटर. त्याला भाताही नाही. पहिल्या दिवशी माझा डावा हात सवयीने भाता शोधत मागे गेला आणि तिथला पाण्याचा पेला आडवा झाला. एवढं सोडलं तर माझं छान जमत गेलं. नाचाच्या बाईंनी माझा एक तुकडा कुणाकडून तरी ऐकला, मला बोलावलं, आणि पुढच्या कार्यक्रमाचं संगीत माझ्यावर सोपवलं. पत्रिकेवर 'संगीत' या शब्दासमोर फक्त माझं नाव येणार होतं. मी कुणाला सांगितलं नाही, पण त्या ओळीत माझं नाव कसं दिसेल याचा मी दवाखान्यात बसून बराच विचार केला होता.

आणि आता हे. उशिराची शंका मलाही एकदा आली होती, नाही असं नाही. कॉम्प्युटर एक टिकटिक ऐकवतो, तिच्या ठोक्यावर वाजवायचं असतं, आणि पडद्यावर माझे सूर ठोक्याच्या उभ्या रेघेच्या जरासे पुढे, म्हणजे उशिरा, जाऊन बसलेले दिसायचे. मी म्हटलं, निरोप्या वाटेत रेंगाळतोय. म्हणून पहिला कंट्रोलर परत देऊन दुसरा आणला. आता तिसरा आणायचा, एवढंच. संध्याकाळी ताई खाली आली. ती वरच्याच मजल्यावर राहते आणि दार वाजवणं हा प्रकार तिला ठाऊक नाही. "तोंड का पाडून बसलीयस?" तिने विचारलं. मी म्हटलं, तोंड असंच आहे माझं, तुला आज दिसलं. तरी तिने सगळं काढून घेतलंच. ऐकून ती हसली आणि शिलाईच्या खुर्चीत ऐसपैस बसली. "एवढंच ना? मी अशी तुझ्यासमोर बसते. हाताने दाखवत जाते. तू माझ्याकडे बघ आणि वाजव. एका बैठकीत होऊन जाईल." तिने हात उचलून दाखवलासुद्धा, आणि खरं सांगते, तो हात खाली येताना माझं बोट आपोआप पट्टीवर गेलं. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. एका बैठकीत झालं असतं. नाचाच्या बाई खूश झाल्या असत्या, पत्रिकेवर नाव माझंच आलं असतं, आणि ते वाचताना मला एकटीला ठाऊक असतं की समोर कोण बसलं होतं. "आधी मशीन बघते," मी म्हटलं. ताई म्हणाली, मशीनला काय कळतंय. मग तिने स्वतःसाठी चहा टाकला, मला विचारलं नाही, आणि दोन कप आणले.

वाद्यांचं दुकान एका चपलांच्या दुकानाच्या वर आहे. जिना चढताना आधी चामड्याचा वास येतो आणि मग कोऱ्या प्लास्टिकचा. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, खाली जाड गालिचा, त्यामुळे तिथे बोललेलं पायाशीच पडतं. दुकानदार जाडसर, पन्नाशीचा, गळ्यात कायम हेडफोन. ते कानावर चढलेले मी कधी पाहिले नाहीत. "परत उशीर?" त्याने विचारलं. मी म्हटलं, परत. त्याने मला एक छोटा कंट्रोलर दाखवला, बाहुलीला वाजवता येईल एवढा. मग एक लांबलचक, ज्याच्या पट्ट्या जड होत्या आणि दाबल्यावर माझ्या बोटांना काम केल्यासारखं वाटलं. मग एक नुसत्या सरकत्या दांड्यांचा, आवाज खालीवर करायला. मग एक चौकोनी डबा, त्याला पट्ट्याच नाहीत, नुसते रबराचे मऊ चौकोन, मारले की आतून दिवे लागणारे. त्याला पॅड म्हणतात आणि त्यावर ताल वाजवतात. "तो बाजूला ठेवा," मी म्हटलं, "मला ताल नको, सूर वेळेवर हवाय." मी अशा दुकानांत बुजत नाही. मी ज्या वयाची दिसते त्या वयाची बाई भाच्यासाठी वाढदिवसाची भेट घ्यायला आलीय असं लोकांना वाटतं, आणि मी त्यांना तसं वाटू देते, कारण मग ते नीट समजावून सांगतात. या माणसाला मात्र मी चांगली ओळखीची झाले होते. त्याने टिकटिक लावली, छोटा जोडला आणि म्हणाला, वाजवा. मी वाजवलं. पडद्यावर माझे सूर रेघेच्या पुढे, सगळे सारख्याच अंतरावर. मी त्याच्याकडे विजयाने पाहिलं. त्याने लांबलचक जोडला. तेच. त्याने केबल बदलली, मग कॉम्प्युटर बदलला, मग स्वतःच्या वापरातला कंट्रोलर आतून आणला. तेच, अगदी तेवढंच. मग तो खुर्ची ओढून माझ्या जागी बसला आणि दोन बोटांनी काहीतरी साधंसं वाजवलं, आणि त्याचे सूर रेघेला चिकटून उभे राहिले. "मशीनं ठीक आहेत, मॅडम," तो म्हणाला. हे म्हणताना तो माझ्याकडे न बघता केबल गुंडाळत होता.

मला राग आला. त्याचा, नाचाच्या बाईंचा, त्या टिकटिकीचा. मग राग ओसरला आणि नुसतं गरम होत राहिलं, कानांच्या मागे. सगळे सूर सारख्याच अंतरावर. हे अंतर माझ्या ओळखीचं होतं. ताई श्वास घ्यायची, तिचा खांदा किंचित वर यायचा, ओठ उघडायचे, आवाज यायचा, आणि मग माझं बोट. एवढंच अंतर. फार पूर्वी, आमच्या अगदी सुरुवातीच्या कार्यक्रमांत, मला एकदा तिचा पुढचा सूर आधीच कळला आणि मी तो तिच्या आधी लावला. लोकांना पत्ता लागला नाही. ताईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हसली, लोकांसाठी. घरी परतताना गाडीत म्हणाली, "माझा सूर माझ्या आधी लावू नकोस गं. मला तो शिळा मिळतो." रागावून नाही म्हणाली, समजावून, खिडकीबाहेर बघत म्हणाली. मला ते इतकं पटलं की त्यानंतर मी एकदाही तिच्या आधी सुरावर गेले नाही, आणि इतकी वर्षं तेच माझ्या कानाला बरोबर वाटत आलं. माझा कान चुकत नाही असं मी म्हणते ते खरंच आहे. तो ताईच्या मागे बरोबर होता. इथे समोर ताई नव्हती, टिकटिक होती, आणि माझं बोट त्या टिकटिकीने आधी गाऊन दाखवावं म्हणून वाट बघत होतं. दुकानात गालिच्यावर उभी असताना मला हे कळलं, आणि ताईचा उचललेला हात डोळ्यांसमोर आला. तिला हेही ठाऊक असणार. म्हणून तर ती एवढी आरामात बसली होती.

"एक बटण आहे," दुकानदार म्हणाला. त्याला माझी कीव आली होती आणि ती लपवायला तो भराभर बोलत होता. "तुम्ही कसंही वाजवा, हे सगळे सूर ओढून रेघेवर बसवतं. सगळे वापरतात. यात लाजण्यासारखं काही नाही." त्याने दाबलं. माझे सूर टुणकन उडी मारून रेघांवर जाऊन बसले. त्याने ऐकवलं. शाळेच्या फोटोसाठी दटावून बसवलेल्या पोरांसारखे ताठ, एकाच्याही चेहऱ्यावर काही नाही. "काढा ते," मी म्हटलं. तो म्हणाला, नाचायला चालेल की. चाललं असतं. पण मग तालमीत बसून मी काय ऐकणार होते? दुसऱ्याच कुणाचं तरी वाजवणं, माझ्या नावाने. मी म्हटलं, "ओढून न्यायला ती काय गुरं आहेत? वाजवणारी मी आहे, वेळेवर जायचं तर मीच जाईन." एवढं बोलले खरी, पण कशी जाणार ते मला ठाऊक नव्हतं. टिकटिक चालूच होती. मी काउंटरला टेकून उभी होते, पुढे काय म्हणावं याचा विचार करत, आणि दुकानदार अचानक म्हणाला, "हे कोण वाजवतंय?"

मी वाजवत होते. म्हणजे माझा डावा हात. विचारात असले की तो भाता ओढतो, घरी उशीवर, दवाखान्यात काउंटरवर, बसमध्ये पर्सवर. माझं तिकडे लक्षही नसतं. आत्ता त्याच्याखाली तो बाजूला ठेवलेला पॅडचा डबा आला होता, बहुतेक केबल अजून जोडलेली होती, आणि तळव्याखाली एक चौकोन लाल होऊन विझत होता. आवाज धप्प, धप्प. दुकानदाराने पडदा माझ्याकडे फिरवला. प्रत्येक धप्प रेघेवर. "परत करा," तो म्हणाला. मला वाटलं मुद्दाम करायला गेले की बिघडणार. बिघडलं नाही. त्याने टिकटिक जलद केली, मग संथ केली, मग मधेच बंद करून पुन्हा लावली, हात तिच्याबरोबर. "हा हात तुमचाच ना?" त्याने विचारलं, आणि आम्ही दोघंही हसलो. मला तर हसता हसता बसावंसं वाटलं. कारण उघड होतं, पेटीवाल्या कुणालाही सांगितलं तर तो म्हणेल, मग त्यात काय. सूर यायचा तर आधी हवा भरलेली लागते. ताईने ओठ उघडल्यावर भाता ओढायला गेलं तर पेटी मुकी. उजवा हात ताईची वाट बघत बसला, पण डाव्याला ती चैन कधी परवडली नाही. ताई येवो न येवो, त्याला आपल्या वेळेला जावंच लागायचं. इतकी वर्षं तो कुणाच्याही मागे नव्हता आणि त्याच्याकडे कुणी, मीसुद्धा, बघितलं नव्हतं, कारण भात्यासाठी कोण टाळ्या वाजवतं.

"पॅड डावीकडे हवेत," मी म्हटलं. दुकानदार म्हणाला, पट्ट्या आणि पॅड एकत्र असलेले कंट्रोलर आहेत, पण बहुतेकांत पॅड उजव्या कोपऱ्यात. लोकांना उजव्या हाताने मारायला सोपं पडतं. मी म्हटलं, लोकांचं लोक बघतील, हा सुटा डबा द्या, पट्ट्यांचा माझा घरचा आहे तोच राहू दे. "हे बोटांनी वाजवायचे असतात, मॅडम, तळव्याने नाही." मी म्हटलं, हात माझा, तळवा माझा, डबाही आता माझा. त्याने तो बांधून दिला आणि जिन्यापर्यंत सोडायला आला. खाली उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी चपलांच्या दुकानासमोर थांबून काचेत स्वतःला पाहिलं. पूर्ण दिसत होते, दोन्ही कानांसकट.

घरी मात्र लगेच काही झालं नाही. डबा डावीकडे, पट्ट्या उजवीकडे. डावा हात धप्प करायचा आणि उजवा ते ऐकून मग जायचा. पूर्वी ताईच्या मागे, आता डाव्याच्या मागे. स्वतःच्याच शरीरात एक हात दुसऱ्याची साथ करत होता. मी टिकटिक बंद केली. समोरची भिंत कोरी होती, शिलाईची खुर्ची रिकामी, आणि डावा हात पडायच्या आधीच्या त्या क्षणात समोर कुणीच नसायचं. त्याची मला भीती वाटली, हे कबूल करते. अंधारात शेवटची पायरी आहे की नाही हे न कळता पाय टाकतो, तसा तो उजवा हात टाकायचा होता. दोन दिवस मी तो टाकलाच नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून दमून आले आणि डाव्या हाताने भाता ओढावा तसं नुसतं सुरू केलं, सूर कुठला तेही न ठरवता, आणि उजवा त्याच्याबरोबर खाली आला. उशीर नाही. मी पडदा पाहिलासुद्धा नाही. वरून ताईचा फोन आला. "खिळे ठोकतेयस का? माझी भांडी हलतायत." मी म्हटलं, कान दे जरा, खिळे नाहीत. तिने ऐकलं. मग म्हणाली, "येऊ का समोर बसायला?" मी म्हटलं, नको. तिने कारण विचारलं नाही आणि मी दिलं नाही. फोन ठेवल्यावर मला चुटपुट लागली, पण मी परत सुरुवातीपासून वाजवलं.

तालमीला मी दोन्ही मशीनं घेऊन गेले, कारण नाचाच्या बाईंना मधेमधे चाल बदलून बघायची होती आणि ते समोर वाजवूनच झालं असतं. ताई बरोबर आली. मी काही बोलणार नाही, असं तिने टॅक्सीत दोनदा सांगितलं. लाकडी जमिनीची लांब खोली, एका भिंतीला आरसे, मुली अनवाणी. मी टेबल खिडकीशी लावून घेतलं. ताई माझ्या उजव्या अंगाला खुर्चीत बसली, मांडीवर हात घट्ट ठेवून. नाचाच्या बाईंनी मान हलवली आणि मी डावा हात टाकला. सूर पडला आणि त्याच क्षणी सगळ्या मुलींची पावलं पडली. लाकडातून ती माझ्या तळपायांना लागली. नाचाच्या बाई आरशातून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी भुवया उंचावल्या, मग माझ्याकडे बघणं सोडून दिलं आणि मुलींच्या कोपरांकडे लक्ष दिलं, आणि माझं काम झालं हे मला तेव्हा कळलं. मी पुढे गेले. दुसऱ्या फेरीत, चाल वर चढते तिथे, उजवीकडून आवाज आला. ताई गात होती. तिने ठरवून सुरू केलं नव्हतं, तिचा चेहराच सांगत होता. दोन वर्षांनी तिचा आवाज मी ऐकत होते, खालच्या सुरांत अजून भरदार होता. ती श्वास घेऊन सुरावर आली तेव्हा सूर पडून गेला होता. ती पुढच्यावर आली, तोही गेला. माझी बोटं थांबायला बघत होती. जरा हात आखडता घेतला असता तर ती बरोबर पोचली असती, आणि हे करणं मला जगात सगळ्यात सोपं होतं. समोर मुली उडी घेऊन हवेत होत्या. मी डावा हात टाकला. मुली खाली आल्या.

चाल संपली. मुली धापा टाकत पाणी प्यायला गेल्या. ताई माझ्याकडे वळली. तिच्या कपाळावर घाम होता.

"उशिरा येत होते का गं मी?"

"थोडीशी," मी म्हटलं.

"मग थांबायचंस ना जरा. नेहमी थांबतेस की."

"मुली नाचत होत्या, ताई."

ती हसली नाही. तिने बाटलीतून दोन घोट पाणी घेतलं, खुर्ची उचलली आणि पट्ट्यांवरचा हात जिथून नीट दिसेल अशी माझ्याजवळ आणून ठेवली. मला वाटलं आता ती हात वर करून मला दाखवणार. ती पुढे वाकून माझ्या हातांकडे बघत बसली.

"परत घे," ती म्हणाली. "या खेपेला मी ऐकून उचलते."